कौटुंबिक न्यायालयात स्वतःची केस स्वतः मांडताना मोफत विधी सेवा कशी वापरायची?

समजा, सोलापूरच्या विडी घरकुलात राहणारी एक बाई आहे. नवऱ्यानं घटस्फोटाचा अर्ज केलाय, कौटुंबिक न्यायालयाचं समन्स घरी आलंय आणि त्यावर पुढच्या महिन्यातली तारीख आहे. शेजारीण म्हणते, "वकील लाव, नाहीतर हरशील." भाऊ म्हणतो, "तू कशाला जातेस ताई, मी जाऊन बोलतो." आणि मोबाईलवर कुणीतरी पाठवलेल्या रीलमध्ये सांगितलंय की कौटुंबिक न्यायालयात वकील चालतच नाही.

भावाचा सल्ला चुकीचा आहे. बाकीचे दोन अर्धे बरोबर आहेत. आणि एक गोष्ट तिला अजून कुणीच सांगितलेली नाही. ती म्हणजे सरकारी खर्चानं मिळणारी कायदेशीर मदत फक्त 'फुकटचा वकील' एवढीच नसते. सल्ला, अर्ज लिहून देणं, कोर्ट फी, निकालाच्या नकला हे सगळं त्यात येतं. ही मदत घेऊन न्यायाधीशांसमोर स्वतः बोलताही येतं.

हे कसं जमवायचं, कुठे जमतं आणि कुठे थांबून वकिलाला पुढे करावं, ते समजून घेऊ.

वकील चालतो की चालत नाही?

कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ सालचा आहे. त्याच्या कलम १३ नुसार या न्यायालयात कुठल्याही पक्षकाराला वकिलामार्फत बाजू मांडण्याचा 'हक्क' नाही. वकिलाला मज्जाव आहे असं मात्र ते कलम म्हणत नाही. न्यायालय परवानगी देऊ शकतं. शिवाय न्यायालयाला गरज वाटली तर एखाद्या कायदेतज्ज्ञाला न्यायमित्र म्हणून मदतीला बोलावता येतं.

या कलमाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं होतं. १९९३ मध्ये न्यायालयानं ते वैध ठरवलं. वकिलावर पूर्ण बंदी नाही, परवानगीची वाट खुली आहे, हा त्यातला महत्त्वाचा भाग.

परवानगी कधी मिळते, हे उच्च न्यायालयानं १९८८ मध्ये केलेल्या नियमांत लिहिलंय. प्रकरणात कायद्याचे किंवा वस्तुस्थितीचे गुंतागुंतीचे प्रश्न असतील, किंवा पक्षकाराला स्वतःची बाजू नीट मांडता येणार नाही असं न्यायालयाला वाटलं, तर परवानगी देता येते. तिची कारणं आदेशात नोंदवावी लागतात आणि गरज वाटल्यास ती परत काढूनही घेता येते. प्रत्यक्षात महाराष्ट्रातल्या बहुतेक कौटुंबिक न्यायालयांत वकील दिसतात, ते याच परवानगीवर. वकीलपत्रासोबत परवानगीचा अर्ज जोडणं हा तिथला रोजचा शिरस्ता आहे.

म्हणजे इथे कायद्याचं गृहीतक बाकीच्या न्यायालयांच्या उलटं आहे. दिवाणी न्यायालयात स्वतः उभं राहणारा माणूस वेगळा वाटतो. कौटुंबिक न्यायालयात मात्र नवरा-बायकोनं स्वतः बोलावं हीच कायद्याची अपेक्षा आहे.

ही कल्पना आली कुठून?

दुर्गाबाई देशमुख १९५३ मध्ये चीनच्या दौऱ्यावर गेल्या होत्या. तिथली कौटुंबिक न्यायालयं पाहून आल्यावर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. सी. छागला आणि न्यायमूर्ती पी. बी. गजेंद्रगडकर यांच्याशी, तसंच पंतप्रधान नेहरूंशी हा विषय काढला. त्यानंतर १९७४ मध्ये विधी आयोगानं आपल्या ५९ व्या अहवालात कौटुंबिक वादांसाठी वेगळी पद्धत हवी असं म्हटलं. महिला संघटनांनी मागणी लावून धरली आणि १९८४ मध्ये कायदा झाला. महाराष्ट्रात १९८९ मध्ये आधी पुण्यात आणि मग मुंबईत अशी न्यायालयं सुरू झाली.

दहा लाखांपेक्षा जास्त लोकसंख्येच्या शहरात कौटुंबिक न्यायालय स्थापन करणं राज्य सरकारला बंधनकारक आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजारांच्या घरात होती, म्हणजे त्या रेषेच्या थोडी खालीच. पण इतर ठिकाणीही गरजेनुसार न्यायालय स्थापता येतं, त्या तरतुदीचा उपयोग अशा शहरांना होतो.

इथे एक खुलासा हवा. हे सगळं कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीपुरतं आहे. हद्दीबाहेर हेच विवाहविषयक अर्ज दिवाणी न्यायालयात चालतात आणि तिथे कलम १३ लागू नसतं, म्हणजे वकील हक्कानं देता येतो. जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. करमाळ्याच्या किंवा सांगोल्याच्या माणसानं अर्ज तयार करण्याआधी आपलं प्रकरण कुठल्या न्यायालयात येतं, एवढं विचारून घ्यावं.

आणि भाऊ? तो सोबत येऊ शकतो, बोलू शकत नाही. मुखत्यारपत्र करून दिलं म्हणून त्याला युक्तिवाद करण्याचा हक्क मिळत नाही, त्याला न्यायालयाची परवानगी लागते. शिवाय दोघांपैकी कुणीही एकानं मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावीच लागते. अशा वेळी भावाला बाहेर बाकावर बसावं लागेल.

विधी सेवेत नेमकं काय काय मिळतं?

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत कलम ३९-अ आलं. पैशाअभावी किंवा इतर अडचणीमुळे कुणी न्यायापासून वंचित राहू नये, असं ते सांगतं. त्यावरून १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो लागू झाला.

या कायद्यात 'विधी सेवा' या शब्दाची व्याख्या चांगली रुंद आहे. प्रकरण चालवण्यासाठी लागणारी कुठलीही सेवा त्यात येते, आणि कुठल्याही कायदेशीर बाबीवरचा सल्लाही येतो. म्हणून प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन "मला वकील द्या" एवढंच मागायचं असतं असं नाही. "मला कैफियत लिहून हवी आहे, बोलेन मी", "माझ्या शपथपत्रात काय राहिलंय ते बघून द्या", "गेल्या तारखेच्या आदेशाची नक्कल हवी आहे पण पैसे नाहीत", अशी नेमकी मागणी करता येते. समन्स बजावण्याचा खर्च, टायपिंग, कागदपत्रांचं भाषांतर, अपिलाची कागदपत्रं तयार करण्याचा खर्च, हेही यात बसतं.

ही मागणी फार कमी लोक करतात. 'मोफत वकील' हे दोन शब्द इतके पसरलेत की बाकीच्या सेवा मागायच्या असतात हे माणसाच्या लक्षातच येत नाही.

कोर्ट फीबद्दल महाराष्ट्रातल्या बायकांसाठी आणखी एक सवलत आहे. १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनुसार पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेचे वाद यांत महिला पक्षकाराला कोर्ट फी माफ आहे. त्यासाठी विधी सेवेचा अर्ज मंजूर व्हायची वाट पाहावी लागत नाही.

पात्र कोण?

या कायद्याचं कलम १२ सांगतं की महिला आणि मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती, मानवी तस्करीचे बळी, पूर, दुष्काळ, भूकंप किंवा जातीय अत्याचाराला बळी पडलेले, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेले लोक मोफत विधी सेवेला पात्र आहेत. यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. यापैकी कुठल्याच गटात न बसणाऱ्यांसाठी उत्पन्नमर्यादा आहे. महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये.

म्हणजे बाई विड्या वळत असो किंवा बँकेत नोकरीला असो, ती पात्रच. "तुमच्या नवऱ्याचा पगार चांगला आहे, तुम्हाला कशी मिळेल मदत?" असं कुणी म्हणालं तर ते चुकीचं आहे.

पुरुषांचं काय? सोलापुरात हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण यंत्रमागावर काम करणारे हजारो पुरुष या शहरात आहेत. बायकोनं पोटगीचा अर्ज केला की "कायदा सगळा बायकांच्याच बाजूचा" असं म्हणत ते घरी बसतात, तारखेला जात नाहीत आणि एकतर्फी आदेश होतो. चादरी-टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा माणूस औद्योगिक कामगार म्हणून पात्र ठरू शकतो, आणि तसं नसलं तरी वर्षाला ३ लाखांच्या आत कमावणारा कुणीही पुरुष उत्पन्नाच्या निकषावर अर्ज करू शकतो. उत्पन्नाबाबत शपथपत्र दिलं तरी चालतं. प्राधिकरणाला ते खोटं वाटण्याचं कारण नसेल तर तेवढंच पुरेसं धरता येतं.

पात्र असणं म्हणजे मदत आपोआप मिळणं नव्हे. प्रकरणात प्रथमदर्शनी काही तथ्य आहे, एवढं प्राधिकरण बघतं. जे पात्र ठरत नाहीत, त्यांना निदान सल्ल्यासाठी केंद्र सरकारची टेली-लॉ सेवा आहे. गावातल्या सीएससी केंद्रातून फोन किंवा व्हिडिओवर वकिलाशी बोलता येतं आणि २०२२ पासून ती सगळ्यांना मोफत आहे.

अर्ज कुठे करायचा?

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. प्रधान जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात, रोजचं काम सचिव बघतात आणि तेही न्यायाधीशच असतात. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, त्यामुळे अक्कलकोटच्या किंवा माळशिरसच्या माणसाला अर्ज देण्यासाठी सोलापूर गाठायची गरज नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे आणि त्यांच्या वेबसाइटवरून ऑनलाइन अर्जही करता येतो.

अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर तिथले कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक भरून देतात. सोबत समन्सची प्रत, आधार कार्ड आणि ज्या गटातून अर्ज करताय त्याचा पुरावा लागतो. २०१० च्या विनियमांप्रमाणे अर्जावर लगेच, जास्तीत जास्त सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. नाकारला तर अध्यक्षांकडे दाद मागता येते.

एक गोंधळ अलीकडे वाढलाय. 'लोकअभिरक्षक' नावाची नवी यंत्रणा, म्हणजे विधी सेवेचे पूर्णवेळ वकील, ही फौजदारी आरोपींसाठी आहे. पोटगी, घटस्फोट, मुलाचा ताबा अशा प्रकरणांत पॅनेलवरचे वकीलच नेमले जातात. त्या दाराशी जाऊन परत यायला नको.

आणि हे सगळं पहिल्या तारखेच्या आधी करायचं. क्रम चुकला की बरोबर कागदाचाही उपयोग कमी होतो. समन्स मिळाल्यापासून कैफियत दाखल करायला साधारण ३० दिवस असतात, योग्य कारण दाखवलं तर ९० दिवसांपर्यंत. सात दिवस अर्जाच्या निर्णयात, आठवडा कागद गोळा करण्यात गेला तरी पहिले ३० दिवस पुरतात. समन्स कपाटात ठेवून दिलं आणि तारखेच्या आदल्या संध्याकाळी धावपळ केली, तर मात्र नेमलेल्या वकिलाला मुदतवाढ मागण्यापलीकडे काही करता येत नाही.

स्वतः बोलायचं की वकिलानं?

इथे दोन वाटा आहेत. पहिली, विधी सेवेकडून सल्ला आणि मसुदा घ्यायचा, सही स्वतः करायची, तारखेला स्वतः उभं राहायचं. दुसरी, पॅनेलवरच्या वकिलाला वकीलपत्र द्यायचं. या दुसऱ्या वाटेवर लक्षात ठेवायचं ते असं की कलम १३ ची परवानगी विधी सेवेच्या वकिलालाही लागते. एकदा वकीलपत्र दाखल झालं की युक्तिवाद तो करतो. मधेच उठून आपणही वेगळं बोलायला लागलं, तर न्यायाधीश आधी "बोलणार कोण ते ठरवा" असंच सांगतील. आणि मधेच दुसरा खासगी वकील लावला तर मोफत सेवा बंद होऊ शकते.

पहिली वाट कुठे सोपी पडते? परस्परसंमतीच्या घटस्फोटात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं जोडपं एकत्र अर्ज करतं. अर्जानंतरची सहा महिन्यांची वाट योग्य प्रकरणात माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलंय. यात भांडण्याचं काही नसतं. करारातल्या अटी, म्हणजे पोटगी, मुलांचा ताबा, दागिने, या नीट लिहिलेल्या आहेत का, तेवढं विधी सेवेच्या वकिलाकडून वाचून घेतलं की झालं.

पोटगीचा अर्ज हाही बऱ्याच अंशी कागदांवर चालतो, म्हणून त्याकडे जरा सविस्तर बघायला हवं.

पोटगी: सगळा जीव शपथपत्रात

४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं 'रजनेश विरुद्ध नेहा' या प्रकरणात निकाल दिला. प्रकरण मुळात नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं. तिथे पत्नीला महिना १५ हजार आणि मुलाला आधी ५ हजार, नंतर १० हजार अशी अंतरिम पोटगी १ सप्टेंबर २०१३ पासून मंजूर झाली होती. ती रक्कम प्रत्यक्ष हातात पडावी म्हणून त्या बाईला दिल्लीपर्यंत जावं लागलं, आणि त्या लांबलेल्या लढ्यातूनच देशभरासाठी नियम आले.

त्यातला मुख्य नियम असा. पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचं. उत्तर देणाऱ्यानं ते चार आठवड्यांत द्यायचं. त्यासाठी दोनपेक्षा जास्त संधी द्यायच्या नाहीत आणि मुद्दाम टाळाटाळ केली तर त्याचा बचाव रद्द करता येतो. शपथपत्रं आल्यावर अंतरिम पोटगीचा निर्णय चार ते सहा महिन्यांत व्हावा. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी.

सोलापूर जिल्ह्यासाठी यातली एक गोष्ट फार कामाची आहे. या निकालाला जोडलेल्या नमुन्यांपैकी एक खास शेतीवर जगणाऱ्यांसाठी आहे. जमीन किती, बागायती की जिरायती, पिकं कोणती, गायी-म्हशी-शेळ्या किती, कर्ज किती, असे प्रश्न त्यात आहेत. "माझं काही उत्पन्न नाही, शेती बापाच्या नावावर आहे" हे वाक्य माढ्यापासून मंगळवेढ्यापर्यंत अनेक पोटगीच्या प्रकरणांत सापडेल. स्वतः केस मांडणाऱ्या बाईनं न्यायाधीशांपुढे तावातावानं "खोटं बोलतोय" म्हणण्यापेक्षा ऑनलाइन मिळणारा सातबारा, ऊस कारखान्याला जात असेल तर त्याची पावती, ट्रॅक्टरच्या नंबरचा फोटो जोडलेला बरा. ज्यांना हे कुठे आणि कसं जोडायचं ते समजत नाही, त्यांनी नेमकं याच कामासाठी विधी सेवेचा वकील अर्धा तास मागावा. शपथपत्र खोटं ठरलं तर खोटी साक्ष दिल्याची कारवाई होऊ शकते, हे दोन्ही बाजूंना लागू आहे. विडी कारखान्यातली मजुरी लपवणाऱ्या बाईलासुद्धा.

पोटगीचा अर्ज कशाखाली करायचा, हाही प्रश्न येतो. कुठल्याही धर्माच्या बाईला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली अर्ज करता येतो. १ जुलै २०२४ पर्यंत हेच कलम १२५ म्हणून ओळखलं जायचं, अजूनही बार रूममध्ये सगळे 'एकशे पंचवीस'च म्हणतात. थकलेली रक्कम वसूल करायचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा असतो. हे वर्ष उलटून गेल्यामुळे हक्काचे पैसे बुडाल्याची उदाहरणं पुष्कळ असतात, म्हणून दरखास्तीचं काम विधी सेवेकडे वेळेत द्यावं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली केस चालू असताना पोटगीसोबत केसचा खर्चही जोडीदाराकडून मागता येतो, आणि तो नवराही बायकोकडून मागू शकतो.

समुपदेशकाच्या खोलीत

कौटुंबिक न्यायालयात आधी तडजोडीचा प्रयत्न होतो. विवाह समुपदेशक दोघांना बोलावतात, एकेकटं आणि एकत्र. इथे वकील नसतो. तिथे बोललेलं गोपनीय असतं, त्याचा पुरावा म्हणून वापर होत नाही आणि समुपदेशकाला साक्षीला बोलावता येत नाही. म्हणून मोकळं बोलायला हरकत नाही.

सही मात्र मोकळेपणानं करू नये. तडजोडीचा कागद पुढे आला तर "मला यावर कायदेशीर सल्ला घ्यायचा आहे, तारीख द्या" असं म्हणता येतं. सल्ला कुठल्याही टप्प्यावर घेता येतो. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीबाबत तर हे जास्तच खरं आहे, कारण तिच्या निवाड्यावर अपील नाही.

उलटतपास आला की थांबा

स्वतः केस चालवणारा माणूस बहुतेक वेळा अडतो तो इथे. समोरच्याला प्रश्न विचारायचे असतात, आणि माणूस प्रश्न विचारायचा सोडून भांडायला लागतो. "तुम्ही १२ तारखेला घरी होता का?" याऐवजी "तू त्या दिवशी दारू पिऊन आला होतास ना, सांग की!" असं तोंडातून निघतं. त्याचा पुरावा म्हणून काही उपयोग होत नाही.

पुराव्याबाबत कौटुंबिक न्यायालय सैल आहे हे खरं. कलम १४ खाली, वादाचा निकाल लावायला उपयोगी वाटेल ते निवेदन किंवा कागद, पुरावा कायद्याच्या काटेकोर कसोटीला न उतरताही न्यायालय घेऊ शकतं. १४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं जोडीदाराचे चोरून रेकॉर्ड केलेले फोन कॉलही वैवाहिक वादात पुरावा म्हणून घेता येतील असं म्हटलं. पण घेता येणं आणि त्यावर विश्वास बसणं यात अंतर आहे. व्हॉट्सअॅपच्या स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. तो मोबाईल विकू नये, फॉरमॅट करू नये.

तेव्हा घटस्फोटाला विरोध आहे, क्रूरतेचे आरोप आहेत, मुलाच्या ताब्याचा वाद आहे आणि समोरच्याकडे वकील आहे, तर साक्षीपुराव्याच्या आधी दोनपैकी एक अर्ज द्यावा. विधी सेवेच्या वकिलाला उभं राहायची परवानगी मागावी, किंवा कलम १३ खाली न्यायमित्र नेमण्याची विनंती करावी. परवानगीचा अर्ज दुसऱ्या बाजूला कळवून आणि सुनावणी सुरू होण्याआधी द्यायचा असतो. ऐन उलटतपासाच्या दिवशी दिला तर तो ऐकला जाईलच असं नाही.

भाषेचं काय?

सोलापुरात घरी तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. न्यायालयाचं कामकाज मराठीत आणि इंग्रजीत चालतं. मराठी बोलता येणं आणि शपथेवरचं मराठी समजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. 'अर्जदार यांनी सामनेवाले यांचा त्याग केला' म्हणजे कोण कुणाला सोडून गेलं, हे मराठी घरातल्या माणसालाही दोनदा वाचावं लागतं.

कौटुंबिक न्यायालयात साक्ष शब्दशः लिहिण्याची सक्ती नसते. तिचा सारांश नोंदवला जातो आणि त्यावर साक्षीदार सही करतो. सही करण्याआधी तो वाचून दाखवायला सांगावं, समजत नसेल तर दुभाषा मागावा. "साहेब, मला कन्नडमधून समजावून सांगा" असं म्हणण्यात संकोच वाटायचं कारण नाही. सारांशात आपलं म्हणणं उलटं आलं असेल तर दुरुस्ती तेव्हाच मागायची, घरी गेल्यावर नाही.

वकिलानं पैसे मागितले तर?

पॅनेलवरच्या वकिलाचं मानधन प्राधिकरण देतं. पक्षकाराकडून फी, भेट किंवा 'खर्चापाणी' घेण्याची त्याला मनाई आहे. झेरॉक्सच्या नावाखालीही नाही. मागितले तर सचिवांकडे लेखी तक्रार करावी. तारखेला वकील येतच नसेल किंवा फोन उचलत नसेल तर बदलून मागता येतो. प्रकरणांवर लक्ष ठेवायला प्राधिकरणाची देखरेख समिती असते.

चांगले पॅनेल वकील आहेत, आणि नाव लावून विसरून जाणारेही आहेत. म्हणून वकील असो वा नसो, आपल्या केसचा सीएनआर क्रमांक जवळ ठेवावा. ई-कोर्ट्सच्या अॅपवर तो टाकला की मागच्या तारखेला काय झालं आणि पुढची तारीख कधी, ते दिसतं. वकिलाकडून कळेल म्हणून थांबलेल्या माणसाला एकतर्फी आदेश झाल्याचं कळायला कधी कधी महिने जातात.

निकाल विरोधात गेला तर?

कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर अपील थेट उच्च न्यायालयात जातं. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. त्यामुळे आता मुंबईला जावं लागत नाही.

कौटुंबिक न्यायालय कायद्यात अपिलाची मुदत ३० दिवस आहे. हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालांसाठी ती ९० दिवस धरावी, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानं २०१६ मध्ये म्हटलंय. तरी हिशोब ३० चाच ठेवणं शहाणपणाचं. अंतरिम आदेशावर असं अपील होत नाही आणि संमतीनं झालेल्या हुकूमनाम्यावरही नाही. कलम १४४ च्या पोटगी आदेशावर अपिलाऐवजी पुनरीक्षण अर्ज करावा लागतो.

उच्च न्यायालयात स्वतः बाजू मांडणाऱ्यांसाठी वेगळे नियम आहेत. तिथे आधी रजिस्ट्रीतल्या अधिकाऱ्यांची समिती कागद तपासते आणि तुम्ही न्यायालयाला नीट साहाय्य करू शकाल का ते बघते. सोलापुरात स्वतः बोलून निभावलेल्या माणसालाही इथे वकील घ्यावासा वाटू शकतो. उच्च न्यायालयाची वेगळी विधी सेवा समिती असते. तिच्याकडचा अर्ज सोलापूरच्या जिल्हा प्राधिकरणामार्फतही पाठवता येतो. निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्यावा, कारण नक्कल तयार होण्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात. अर्ज उशिरा दिला तर तो उशीर मात्र आपल्याच खात्यात धरला जातो.